राखणदाराचे डोळे

मी खोटं बोलते हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं आपल्यात गैरसमज नको. जोह्याहून पेणला जाणाऱ्या एसटीत मी एकदा सांगितलं होतं की आमच्या परसातलं कोहळं एवढं वाढलं, एवढं वाढलं की त्याच्या पोटात मांजर व्याली, आणि पिल्लं चालत बाहेर आली तेव्हा कुठं आम्हाला कळलं. कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं. पेणला उतरताना मात्र हळूच म्हणाला, "मावशी, पिल्लं कुठल्या रंगाची होती?" असं विचारणारी माणसं आहेत म्हणून माझ्यासारखीचं चालतं.

ही गोष्ट मात्र खरी आहे. खूण एकच, हिच्यात मी घाबरलेली आहे. माझ्या थापांमध्ये मी कधी घाबरत नाही. तिथं मी वाघाचे कान पिळते आणि नागाला ओट्यावरून हुसकावते. इथं पौषापासून चैत्रापर्यंत माझे गुडघे असे वाजत होते की जिते स्टेशनावर उतरणाऱ्यांनी वर पाहिलं असेल, हा आवाज कुठल्या डब्याचा म्हणून.

मी आखणी करते. म्हणजे गणपतीचे डोळे काढते. आमच्या भागात घरोघर गणपतीचे कारखाने. मूर्ती ओतणारे वेगळे, घासणारे वेगळे, रंग मारणारे वेगळे. डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते काढणारे हात मोजकेच. श्वास आत घ्यायचा आणि तो सोडायच्या आत डोळ्याची रेघ कोपऱ्यापासून शेपटीपर्यंत न्यायची. मधे श्वास सुटला तर देव चकणा. लहान असताना मला हे शिकवलं कारखान्यातल्या आबांनी. आबा आता इतके म्हातारे झालेत की कारखान्यात आले की आधी खुर्ची शोधतात, पण नजर अजून घारीची.

तर डोंगराकडं येते. आमच्या गावामागं एक डोंगर आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याच्या कुशीतला झरा वैशाखापर्यंत वाहायचा. माझ्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी तो शिवरात्रीला आटला. डोंगर इतका बोडका झाला होता की वरून सुटलेला दगड थेट माझ्या चुलीपाशी येऊन थांबायचा. त्याला गंजीफ्रॉक घालायला द्यावा असं मनात यायचं, लाज वाटायची बघून.

असं व्हायला कुणी बाहेरचा चोर आला नव्हता. आमचाच राब. भाताची रोपं जिथं टाकायची ती जागा आधी भाजून काढायची, म्हणजे तण जळतं, राख मिळते, रोपं जोमानं येतात. भाजायला खाली शेण, वर पाला, वर गवत. तो पाला कुठला? तर ऐन आणि किंजळीच्या झाडांचे टाळे, म्हणजे पानांनी भरलेल्या फांद्या. पौष-माघात गडी कोयते घेऊन चढायचे आणि एकेका झाडाचं डोकं भादरून उतरायचे. आजा करत होता, बाप करत होता, मग मुलगाही करणार. फक्त आज्याच्या वेळेला डोंगरावर झाडं पुष्कळ होती.

मग एकदा शहरातून एक बाई आल्या, शिबिर घ्यायला. पर्माकल्चर म्हणाल्या. आम्ही बायका देवळाच्या पायरीवर बसलो आणि त्यांनी सांगितलं की जमीन उघडी ठेवू नका, पाणी पडेल तिथंच त्याला थांबवा, उंच झाड, त्याच्याखाली मधलं, त्याच्याखाली बुटकं, त्याच्याखाली कंद, असं सगळं एकत्र लावा. माझ्या शेजारी वरच्या कातकरवाडीतली म्हातारी बसली होती. ती सगळं ऐकून म्हणाली, "हे तं रान झालं."

बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर."

"मंग शिकवता कशाला? होतं ते तोडलं कुनी, त्याला शिकवा ना."

त्या दिवसापासून म्हातारी माझी मैत्रीण. हाडानं पाखराएवढी, पण कुठलं झाड कुठल्या दगडाशी नांदतं हे तिला ठाऊक. तीन बांबू बांधून, मधे दोरीला दगड लोंबता सोडून आम्ही डोंगरावर समान पातळी काढली आणि त्या रेघेवर चर खणले. आम्ही बाराजणी बायका. चरात नारळाची सोडणं, पेंढा, केळीची सोपटं, जे कुजेल ते टाकलं. म्हातारीनं सांगितलं तिथं करंज टोचला, उंबराच्या फांद्या रोवल्या, ओहळाला बांबू लावला, आणि झऱ्याच्या डोक्यावर ऐन. पायथ्याशी माझी वाडी. तिच्यात पपईखाली हळद, हळदीखाली रताळी, आणि सुरण एवढे की पाहुण्यांना मी बसायला पाट देत नाही, सुरण देते.

झऱ्यानं वेळ घेतला. आधी होळी गाठली, मग पाडवा. ज्या वर्षी पाडव्याच्या दिवशी तिथं हंडा भरला, त्या वर्षी मी गावभर सांगितलं की झऱ्यात मासे आहेत आणि ते मला वहिनी म्हणतात.

पण झाडं माणसाएवढी झाली आणि कोयते परत आले. आम्ही समजावलं, हातापाया पडलो. गडी म्हणायचे, "डोंगर काय तुमच्या माहेरचा हाय? चार टाळे नेले तर मरत नाय झाड." त्यांचंही खोटं नव्हतं. राब तर भाजायलाच हवा. गावकीचे अध्यक्ष, गावच्या नात्यानं माझे दीर, त्यांची शेती सगळ्यात मोठी म्हणून राबही सगळ्यात मोठा. ते हसून म्हणायचे, "वहिनी, तुमी झाडं लावा, आमी छाटतो. छाटली का फुटतात."

त्या पौषात एका दुपारी मी कारखान्यातून परतताना झऱ्याकडं गेले, तर वरचा ऐन कमरेपासून तोडलेला. टाळे नव्हे, झाडच. मी तिथं बसले. रडले असं सांगत नाही, कारण कुणी पाहिलं नाही. पिशवीत उरलेला तांबडा रंग होता, काळा होता, पांढरा होता, आणि माझा ब्रश. झऱ्याच्या वर बसलेल्या वासराएवढा दगड आहे. मी तो समोरून तांबडा करून टाकला. उजव्या अंगाला रंग भरपूर बसला, हात मारून मारून काचेसारखा गुळगुळीत केला. डाव्या अंगाला येईस्तोवर रंग संपला, ते तसंच खरखरीत राहिलं.

इथं थांबायला हवं होतं. आमच्याकडं तांबडा दगड दिसला की माणूस चप्पल काढतो, तेवढं पुरलं असतं. पण हाताची सवय. तांबडं अंग समोर, हातात ब्रश, मी श्वास आत घेतला आणि डोळे काढले. श्वास सोडला तेव्हा दगड माझ्याकडं बघत होता.

शेकडो डोळे काढलेत मी, हजारो म्हटलं तरी माझ्या स्वभावाला ते कमीच. पण कारखान्यात ते रांगेनं उभे असतात, पुढं खपायचे असतात. हा रानात एकटा, आणि कुठं जाणार नव्हता. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मी पळाले. एक चप्पल तिथंच राहिली.

दुसऱ्या दिवशी एसटीत मी मोठ्या आवाजात शेजारणीला सांगितलं, "राखणदार आला होता गो स्वप्नात. झऱ्यावरचा. म्हनला, माझ्या पानाला कुनी हात लावला तर त्याचं..."

"त्याचं काय?" चार सीट पुढचा माणूस मागं वळला.

त्याचं काय ते मी ठरवलंच नव्हतं. म्हणाले, "तेवढ्यात मला जाग आली."

माझ्या जन्मातली सगळ्यात चांगली थाप ती. कारण ज्यानं त्यानं त्या रिकाम्या जागेत आपापली भीती भरली. त्या माघात झऱ्याच्या अंगाला एकही कोयता वर गेला नाही. लोकांनी राबाला गवतच जास्त घातलं, कुणी लांबून पाला आणला. मी मनात फुगून टम्म झाले.

म्हातारी माझी चप्पल घेऊन दारात आली. "देवाची हाय का ही? एकाच पायात घालतो वाटतं."

मी तिला आत ओढलं. "कुनाला बोलू नको, आजी."

"मी करवंदीत बसले होते. सगळं पायलं." ती उंबऱ्याशी बसली, पदरानं घाम पुसला. "झाडं राहिली, बरं झालं. पन बाय गो, त्याला गर्दीची चटक लागू देऊ नको."

गर्दीची चटक माझ्या नणंदेनं लावली. ती रोह्याला दिलेली. माझी थाप गाडीत बसून पेणहून रोह्याला पोचेस्तोवर राखणदाराला मिशा फुटल्या, हातात काठी आली. रोह्याहून एक कुटुंब आलं, त्यांची हरवलेली म्हैस नवस बोलताच सापडली होती. मग टेम्पो येऊ लागले. चरांमध्ये पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले. आमच्या वाळल्या पानांच्या थरावर कापराच्या वड्या पेटवून ठेवायचे लोक. एक ठिणगी, एक वारा, आणि आमची सगळी वर्षं राख. मी रोज कारखान्यातून सुटले की धावत वर जायची, हंडा घेऊन, कुठं धूर दिसतो का ते बघत. चाळिशी कधीच ओलांडलेली बाई, धावताना दिसली की लोक म्हणायचे, केवढी भक्ती.

आणि प्रसाद म्हणून काय न्यायचे ठाऊक आहे? ऐनाचं पान.

फाल्गुनात अध्यक्षांच्या बायकोला ताप आला. उतरेना. अध्यक्षांनी डॉक्टर केला, आणि राखणदारालाही साकडं घातलं. ताप उतरला. माणूस पार बदलून गेला. ज्याच्या कोयत्यानं डोंगराची अर्धी झाडं भादरली तो आता अनवाणी वर जायचा. याचीच मला जास्त भीती, कारण हा ढोंग करत नव्हता. ढोंग्याला मी ओळखते, आम्ही एका जातकुळीचे.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी गावकीची सभा बोलावली. "देव उन्हात बसलाय. आपन सावलीत. हे बरं नाय दिसत." म्हणून झऱ्यावर फरशी घालायची, वर पत्र्याचा मंडप, गाड्या वर यायला जेसीबीनं रस्ता. रस्ता चरांमधून जाणार, मंडपाला जागा करायला झऱ्याभोवतीची झाडं काढणार. सगळ्यांनी हात वर केले. माझ्याबरोबर चर खणलेल्या बायकांनीसुद्धा, भक्तीनं डोळे पुसत पुसत.

मी उभी राहिले. दुसरी थाप तयार होती. "त्याला छप्पर चालत नाय. माझ्या स्वप्नात येऊन म्हनला."

"कधी?"

"काल."

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "वहिनी, तो माझ्या स्वप्नात पन येतो आता. परवा आला. म्हनला, ऊन लागतंय."

मागून कुणी म्हणालं, आमच्याकडं येऊन त्यानं लादी मागितली, पांढरी. मी खाली बसले. माझा देव माझ्या हातातून सुटला होता. गावभर लोकांच्या झोपेत फिरून फर्निचर मागत होता.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझ्या डोळ्यांच्या आखणीवरून कळलं असतं. त्या आठवड्यातले गणपती सगळे दचकलेले दिसतात. खरं सांगावं तर गावकी. आमच्याकडं गावकीनं एखाद्याला वाळीत टाकलं की त्याच्या घरी कुणी पाणी पीत नाही, मयताला खांदा देत नाही. न सांगावं तर डोंगर. नवऱ्याला बोलले. तो डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर, शिफ्ट करून आलेला, जेवत होता. घास तसाच धरून म्हणाला, "दगड आपोआप तांबडा झाला असंच म्हन. माझ्यासमोर तरी." आणि उठून हात धुतले.

मग अध्यक्षांनी आबांना बोलावलं. देवाचे डोळे जाणत्या माणसाकडून नीट उजळून घ्यावेत म्हणून.

आबांना दोघांनी धरून वर आणलं. मी मागं मागं. गावाला न दिसलेलं आबांना दिसणार हे मला माहीत होतं. आखणीवाल्याला दुसऱ्याचा हात लपत नाही. आबा दगडासमोर टेकले. बराच वेळ बघितलं. मग वळून माझ्या हाताकडं बघितलं, तोंडाकडं नव्हे. मी हात पदराखाली घेतला.

"उजळायची गरज नाय," ते अध्यक्षांना म्हणाले. "काम साफ हाय." झऱ्याचं पाणी मागितलं, ओंजळीनं प्याले, थंड हाय म्हणाले.

उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि बाकीचे पुढं गेल्यावर म्हणाले, "पोरी, डाव्या डोळ्याची शेपटी अजून वर जाते तुझी. किती सांगितलं."

मी विचारलं, "आबा, आता मी काय करू?"

"मी बोलनार नाय. मी काढलेले नाय ते." दोन पावलं उतरून पुन्हा थांबले. "पन कौल घेनार त्या दिवशी मला वर आना. ब्रश मी घेऊन येतो."

कौल म्हणजे देवाची परवानगी, काम सुरू करायच्या आधी घ्यायची. दगडाच्या दोन्ही अंगांना पाण्यात भिजवलेली फुलाची पाकळी चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. त्या सकाळी अख्खा गाव वर. पायथ्याशी जेसीबी येऊन उभा, इंजिन चालू. आज देवानं हो म्हटलं की लगेच पहिला चर बुजणार. झऱ्याभोवती उभं राहायला जागा नव्हती. म्हातारी तेवढी पाण्याच्या कडेला बसून पाय ओले करत होती.

गुरवानं पाकळ्या भिजवल्या, आणि त्याच क्षणी मला ते दिसलं. उजवं अंग. मी हात मारून मारून काचेसारखं केलेलं. तिथं पाकळी टिकणारच नव्हती. डाव्या खरखरीत अंगावर ती दिवसभर बसून राहिली असती. देव काय बोलणार हे त्या गर्दीत मला एकटीला ठाऊक होतं, कारण ते मी पौषातच ठरवून ठेवलं होतं, रंग संपला म्हणून.

भीती काय असते ते मला तेव्हा कळलं. कानात जेसीबी आत शिरल्यासारखा आवाज. गुरवाचा हात दगडाकडं निघाला.

"थांबा," मी म्हणाले. "ते डोळे मी काढलेत. देव नाय तो. कारखान्यातला रंग हाय."

गाव हसला. मनापासून, पोट धरून. एकानं विचारलं, "आनि कोहळ्यातली मांजर, मावशी? ती पन तूच काढलीस?" दुसरा म्हणाला, "झऱ्यातल्या माशांना विचारा रे, वहिनीनं काय केलं ते." मी आयुष्यभर पेरलेलं सगळं एका सकाळी उगवून आलं. मी शपथ घेतली तर जास्तच हसले. माझी शपथही त्यांना माझीच वाटली.

अध्यक्ष हसले नाहीत. ते म्हणाले, "वहिनी, माझ्या घरातलं दुखनं गेलंय. चेष्टा नको."

तेव्हा आबा खुर्चीवरून बोलले. "हिला दगड द्या एक. सपाट." आणि खिशातून कागदात गुंडाळलेला ब्रश आणि रंगाच्या दोन-तीन डब्या काढल्या.

चराच्या बांधावरचा एक दगड कुणी आणून ठेवला. आबांनी त्यावर तांबडा हात मारला. मी ब्रश धरला, पण हात धरेना. असा थरथरत होता की त्या ब्रशानं भिंत रंगवता आली असती, डोळा नाही. काढता आला नाही तर मी खोटारडी आणि डोंगर गेला. आला तर मी देवाची थट्टा करणारी, आणि गावकी समोर. कुठल्या बाजूनं जास्त भ्यावं तेच कळेना.

म्हातारीनं झऱ्यातून तांब्या भरला आणि काही न बोलता माझ्या मनगटावर ओतला. बर्फ. "आता काढ," ती म्हणाली.

मी श्वास घेतला. एक डोळा. पुन्हा श्वास. दुसरा. डाव्याची शेपटी वर गेली, नेहमीसारखी.

आबांनी तो दगड मोठ्या दगडाशेजारी टेकवायला लावला. लोक वाकून बघू लागले. आमचा गाव मूर्तीवाल्यांचा, रंगवाल्यांचा. दोन्ही शेजारी दिसल्यावर त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. खालून जेसीबीवाला काय झालं ते बघायला इंजिन बंद करून वर आला.

अध्यक्ष माझ्याकडं बघत होते. चिडले असते तर बरं होतं. ते म्हणाले, "मंग माझ्या घरातला ताप कुनी उतरवला?"

मी म्हातारीकडं बघितलं.

म्हातारीनं पाण्यातले पाय न काढता विचारलं, "झरा आटायचा तवा या दिवसांत तुझी बायको कुठं असायची रे?"

"कुठं म्हंजे?"

"टँकरच्या रांगेत. उन्हात. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी. आता झरा हाय, तर पंधरा दिवस घरात निजून राहिली. निजल्यावर ताप उतरनार नाय तं काय करनार?" मग तिनं वर झाडांकडं हनुवटी केली. "हे काढा आनि घाला छप्पर. फुडल्या साली पत्र्याखाली बसून टँकरची वाट बघा."

अध्यक्ष खाली बसले. झऱ्याकडं बघत राहिले. गुरवानं भिजवलेल्या पाकळ्या परत ताटलीत ठेवल्या. कुणी नाही म्हटलं नाही, कुणी हो म्हटलं नाही, पण जेसीबी उलटा उलटा, पीप पीप करत उतरला, आणि तो आवाज मला रोह्यापर्यंत ऐकू येत राहिला.

मला वाळीत टाकलं नाही. अध्यक्ष एवढंच म्हणाले, "देव नाय, तर राखन कुनी करायची? तुमीच करा. आमी पन येऊ पाळीनं." डोळे मी पुसायला रॉकेल घेऊन गेले होते, पण हात झाला नाही. आबा म्हणाले, उघडलेले डोळे माणसानं मिटायचे नसतात, पावसाला मिटू दे. पावसानं उजवा नेला. डावा, शेपटी वर गेलेला, शेवाळात अजून आहे.

शिक्षा निराळीच झाली. माझ्या ओट्यावर पावसाळाभर कुणी बसलं नाही. एसटीत मी तोंड उघडलं की माणसं खिडकीबाहेर बघायची. कंडक्टर नुसतं तिकीट द्यायचा. थापाड्याला ऐकणारं कुणी नसलं की त्याच्या तोंडात थापा कुजतात. मी चवीवरून सांगते.

आणि पुढच्या माघात, भर दुपारी, माझ्या राखणीच्या पाळीला झऱ्यावरून कोयत्याचा आवाज आला.

तोडलेल्या ऐनाला बुंध्यातून नवे धुमारे फुटले होते, माझ्या डोक्याइतके उंच. त्यांच्यासमोर अध्यक्ष उभे. कोयता हातात. दोन टाळे खाली पडलेले. मला बघून ते दचकले नाहीत.

"वहिनी, तुमचा देव होता तवर मला भ्या होतं," ते म्हणाले. "आता तुमीच सांगितलं, देव नाय म्हनून. माझा राब हाय केवढा. काय घालू त्याच्यात?"

माझ्या जिभेवर तीन थापा तयार होत्या. बिबट्याची एक, आग्या मोहळाची एक, आणि फॉरेस्टचा माणूस खाली येऊन बसलाय ही. तिन्ही चालल्या असत्या. तिन्ही मी गिळल्या.

"मला माहीत नाय," मी म्हणाले. "पन हे तोडलंत तर झरा जाईल असं मला वाटतं. मला रोज भीती वाटते. दुसरं काय सांगू?"

मी काही वाढवून सांगते का, याची त्यांनी वाट बघितली बहुतेक. मग कोयता कमरेला लावला. "मंग दाखवा, काय घालायचं ते."

मी त्यांना खाली माझ्या वाडीत नेलं. कुंपणाचा गिरिपुष्प दाखवला, ज्याचा पाला खताला चालतो, कुजवलेला पाला दाखवला, शेणखतात हात घालून दाखवला. न भाजता रोपं टाकायची, मी चार वाफ्यांत टाकते तशी. चार वाफे आणि त्यांचं एवढं मोठं रान, यात केवढा फरक आहे ते आम्हा दोघांना कळत होतं. त्यांनी वाफ्यातली माती चिमटीत घेतली. म्हणाले, "पिवळी पडली तर?"

"तर पुढच्या माघात मी तुमाला अडवनार नाय," मी म्हणाले. हेही खरं होतं, म्हणून बोलताना आवाज फाटला.

आता ज्येष्ठ आहे. अध्यक्षांनी सगळा राब नाही, पण अर्धा न भाजता टाकलाय. गाव रस्त्यानं जाताना तिकडं बघून जातो. मी सकाळी कारखान्याला जायच्या आधी बांधावर जाऊन उभी राहते, अध्यक्ष बघत नाहीत अशा वेळी. आज गेले तर भाजलेल्या अंगाची रोपं बोटभर उंच, काळपट हिरवी. न भाजलेल्या अंगाचीही आली आहेत. हिरवी आहेत. टोकाला जराशी पिवळट दिसली. खाली बसून, पान बोटावर घेऊन बघितलं. तो पिवळेपणा कालही होता की आज आलाय, हे मला काही केल्या आठवेना.